टीव्ही जोडणीचे जुने ग्राफिक्स कार्ड निवडताना: ३८ कॅसेट, एक एजीपी स्लॉट आणि पाच कार्डे

प्रकरण असे आहे. ३८ व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवायच्या आहेत. सगळ्या घरगुती कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या, पाल पद्धतीच्या (भारतात वापरात असलेली रंगीत टीव्हीची पद्धत) आणि बहुतेक १८० मिनिटांच्या, म्हणजे जास्तीत जास्त ११४ तासांचे चित्रण. एस-व्हिडिओ आउट (उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी देणारी जोडणी) असलेला एस-व्हीएचएस, म्हणजे सुधारित व्हीएचएस पद्धतीचा, व्हीसीआर हाताशी आहे. संगणक जुना पण धडधाकट आहे: २.८ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४, इंटेल ८६५पीई चिपसेटचा मदरबोर्ड, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी आणि एक एजीपी स्लॉट, म्हणजे त्या काळी ग्राफिक्स कार्ड बसवायची जागा. वापरलेल्या सामानाच्या बाजारात पाच कार्डे समोर आली आहेत आणि त्यांतले एक घ्यायचे आहे. अशा कामात एरवी वेगवेगळ्या भेटणाऱ्या अडचणी एकत्र पाहता याव्यात म्हणून हे नमुना प्रकरण मांडले आहे.

पाच कार्डे अशी. एक, जीफोर्स एफएक्स ५२००. त्याच्या पत्र्यावर (संगणकाच्या मागे दिसणाऱ्या धातूच्या पट्टीवर) एक गोल सॉकेट आहे आणि विक्रेत्याने त्याला ‘टीव्ही कार्ड’ म्हटले आहे. दोन, व्हिवो प्रकारचे, म्हणजे व्हिडिओ-इन आणि व्हिडिओ-आउट दोन्ही असलेले जीफोर्स४ टीआय ४२००, सोबत चार तोंडांची केबल. तीन, मॅट्रॉक्स मार्व्हल जी४००-टीव्ही, बाहेरच्या जोडणीच्या डब्यासह. चार, एटीआयचे ऑल-इन-वंडर ९८०० प्रो. पाचांतले सर्वांत ताकदवान कार्ड हेच, पण नुसतेच आहे, सोबत एकही केबल नाही. पाच, ऑल-इन-वंडर रेडिऑन ७५००. त्रिमितीय खेळांच्या हिशेबात ते ९८०० प्रोच्या आसपासही नाही, पण जांभळा इनपुट डबा, आउटपुट केबल आणि मूळ सीडी असे सगळे सोबत आहे.

पहिल्या नजरेत कोणीही ९८०० प्रो उचलेल. निवड इथेच चुकते.

‘टीव्ही’ या एका शब्दाखाली तीन कामे

जुन्या कार्डांच्या खोक्यावर ‘टीव्ही’ लिहिलेले असले, तर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघू शकतात. संगणकाचे चित्र टीव्हीवर पाठवणे, म्हणजे टीव्ही-आउट. बाहेरचे चित्र संगणकात घेणे, म्हणजे व्हिडिओ-इन. आणि अँटेना किंवा केबलवरचे चॅनल पकडणे, म्हणजे ट्यूनर. कॅसेट उतरवायला फक्त दुसरे काम लागते. पहिले असून उपयोग नाही. तिसऱ्याचे महत्त्व तर जवळपास संपलेच आहे, कारण हे ट्यूनर अनालॉग प्रक्षेपणासाठी बनवलेले आहेत आणि ते प्रक्षेपण बहुतेक देशांत बंद झाले आहे. व्हीसीआरची आरएफ (अँटेनाची) वायर ट्यूनरला जोडून चित्र घेता येते हे खरे, पण तो सर्वांत वाईट मार्ग. स्वच्छ सिग्नल आधी आरएफवर चढवायचा, मग पुन्हा उतरवायचा, आणि दोन्ही वेळा चित्र मळते. म्हणून ट्यूनर आहे एवढ्यावरून जास्त पैसे मोजू नयेत.

कार्ड हातात नसेल आणि फक्त फोटो असेल, तरी पत्र्यावरचे गोल सॉकेट बरेच सांगून जाते. ४ पिनचे असेल तर साधे एस-व्हिडिओ, आणि ग्राफिक्स कार्डावर ते जवळपास नेहमी आउटच असते. ७ पिनचे असेल तरीही बहुधा फक्त आउट. जास्तीच्या पिन कंपोझिट किंवा कंपोनंट आउटसाठी. ९ पिनचे असेल तर आत-बाहेर दोन्हीची शक्यता आहे. एफएक्स ५२०० च्या फोटोत ७ पिन दिसतात, तेव्हा ते कार्ड इथेच बाद. एस-व्हिडिओची ४ पिनची वायर ७ पिनच्या सॉकेटमध्ये बसते, त्यामुळे लोकांना वाटते की व्हीसीआर जोडला की चित्र येईल. ते येत नाही, कारण अनालॉग चित्राचे अंक करणारी चिप त्या कार्डावर नसतेच.

या चिपला व्हिडिओ डीकोडर म्हणतात आणि आपण खरे तर तिचीच खरेदी करत असतो. ऑल-इन-वंडर कार्डांवर ती रेज थिएटर किंवा पुढच्या पिढीची थिएटर २०० या नावाने दिसते, तर व्हिवो जीफोर्सवर बहुतेक वेळा फिलिप्सची एसएए७११४ किंवा एसएए७१०८. हे नाव चिपच्या पाठीवर छापलेले असते. विक्रेत्याकडे पंख्याच्या बाजूचा सरळ, स्वच्छ उजेडातला फोटो मागावा आणि मुख्य चिपकडे न बघता पत्र्याच्या बाजूला असलेली छोटी चौकोनी चिप शोधावी. ती जागा रिकामी असेल, नुसतेच सोल्डरचे ठिपके दिसत असतील, तर तो त्याच बोर्डाचा स्वस्त, डीकोडर नसलेला अवतार आहे. एकच छापील बोर्ड दोन्ही प्रकारांसाठी वापरायची पद्धत होती, त्यामुळे मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही.

केबल म्हणजे अर्धे कार्ड

९८०० प्रोचे दुखणे केबलचे आहे. ऑल-इन-वंडरमध्ये व्हिडिओ आत घ्यायची तोंडे कार्डावर मावत नाहीत. कार्डावर एटीआयचे स्वतःचे सॉकेट असते, त्यात जांभळ्या डब्याची वायर जाते, आणि एस-व्हिडिओ, कंपोझिट व डाव्या-उजव्या आवाजाची तोंडे त्या डब्यावर असतात. डबा नसेल तर कार्डात डीकोडर असूनही त्याच्यापर्यंत सिग्नल न्यायला वाट नाही. सुटा डबा शोधायला गेले तर कधी महिनोन्‌महिने मिळत नाही, आणि मिळालाच तर त्याची किंमत कार्डाच्या वर जाऊ शकते.

‘नऊ पिनची दुसऱ्या कार्डाची केबल चालेल’ असा सल्ला सहज मिळतो. तो मानू नये. ९ पिनच्या व्हिडिओ जोडणीला कुठलेही सर्वमान्य प्रमाण नाही, कोणत्या पिनवर काय हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. केबल बसली म्हणजे जुळली असे नाही. काळे चित्र, रंग नसलेले चित्र, किंवा आउटचा सिग्नल इनच्या वायरवर, यांपैकी काहीही होऊ शकते. पिनांचा खात्रीचा नकाशा आणि मल्टीमीटर हाताशी असेल त्याने केबल बनवून घ्यावी. इतरांनी पूर्ण संचच घ्यावा.

९८०० प्रोला आणखी एक गोष्ट लागते: वीजपुरवठ्यातून येणारी ४ पिनची मोलेक्स वायर. ती न जोडता संगणक चालू केला तर चित्र धड येत नाही आणि कार्ड मेले असे वाटते. या प्रकरणात वीजपुरवठा पुरेसा आहे, त्यामुळे तो अडसर नाही. पण कॅसेटमधून चित्र घेताना त्रिमितीय ताकदीचा उपयोग शून्य, आणि त्या ताकदीपोटी येणारी उष्णता व पंख्याचा आवाज मात्र तासन्‌तास सोसावा लागतो. दोन दशके जुन्या कार्डात जे कमी तापते ते जास्त जगते.

स्लॉटची खाच

एजीपीच्या बाबतीत एक चूक मदरबोर्डच्या जिवावर बेतते, म्हणून इथे थोडे थांबावे. पहिल्या पिढीचे एजीपी ३.३ व्होल्टवर चालते, दुसऱ्या पिढीचे १.५ व्होल्टवर, आणि ८एक्सची तिसरी पिढी ०.८ व्होल्टच्या संकेतांवर. इंटेलचे ८४५ पासूनचे चिपसेट, म्हणजे या प्रकरणातला ८६५पीईसुद्धा, ३.३ व्होल्ट अजिबात सहन करत नाहीत.

कार्डाच्या सोनेरी काठाकडे पाहा. पत्र्याच्या जवळची खाच ३.३ व्होल्टची, पत्र्यापासून लांबची १.५ व्होल्टची. दोन्ही खाचा असल्या तर कार्डाला दोन्ही व्होल्टेज चालायला हवीत. ‘हवीत’ म्हणण्याचे कारण असे की काही स्वस्त जुन्या कार्डांवर दोन्ही खाचा पाडल्या होत्या, पण आतला भाग ३.३ व्होल्टचाच होता. असे कार्ड ८६५ च्या स्लॉटमध्ये सहज बसते आणि चिपसेट जाळते. म्हणून खाच बघितल्यावर त्या चिपची एजीपी पिढीही तपासायची. रेडिऑन ७५०० हे ४एक्सचे, म्हणजे १.५ व्होल्टवर चालणारे कार्ड आहे, तेव्हा इथे चिंता नाही. जीफोर्स४ टीआय ४२०० आणि ९८०० प्रोसुद्धा चालतात.

आता उरलेल्या दोघांबद्दल थोडक्यात. मार्व्हल जी४००-टीव्ही हे आपल्या काळातले फार चांगले यंत्र. त्यावर एमजेपेग पद्धतीने चित्र आवळणारी वेगळी चिप आहे, आणि संगणक मंद असताना ती वरदान होती. पण तिचे सॉफ्टवेअर विंडोज ९८ च्या जमान्याचे आहे आणि एक्सपीवर तो सगळा संच पूर्ण क्षमतेने चालवणे जिकिरीचे जाते. ज्याच्याकडे विंडोज ९८ चा चालू संगणक आहे त्याने जरूर विचार करावा, इथे नाही. जीफोर्स४ व्हिवो हा खरा प्रतिस्पर्धी आहे. डीकोडर चांगला, केबल सोबत. फक्त त्याचा कॅप्चर ड्रायव्हर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपासून वेगळा मिळवावा लागतो, आणि कुठली आवृत्ती कुठल्या कार्डाशी जुळते हे करून पाहण्यात बराच वेळ जातो. ऑल-इन-वंडर ७५०० मिळाले नसते, तर हेच घ्यावे असा आमचा कौल राहिला असता.

निवड: ऑल-इन-वंडर रेडिऑन ७५००. डीकोडर आहे, पूर्ण संच आहे, स्लॉटला जुळते आणि एक्सपीचा कॅप्चर ड्रायव्हर शोधत बसावे लागत नाही. चारही गोष्टी एकत्र असणारे पाचांत हे एकच.

कार्ड हातात आल्यावर

स्लॉटमध्ये घालण्याआधी दहा मिनिटे नुसते बघावे. कॅपॅसिटर आधी: डोके सपाट हवे. डोके फुगले असेल, त्यावरच्या फुलीच्या रेघा उकलल्या असतील किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल, तर तो बदलल्याशिवाय कार्ड चालवू नये. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर फार मोठ्या प्रमाणात वापरले गेले आणि त्या काळातला कुठलाही बोर्ड याला अपवाद धरू नये. मदरबोर्डवरही हीच नजर फिरवावी. खराब कॅपॅसिटर चित्रात बारीक आडव्या लहरी किंवा दाणा म्हणून दिसतो, आणि माणूस विनाकारण कॅसेटला दोष देत बसतो.

मग पंखा. बोटाने हलकेच फिरवला की दोन-तीन फेरे घेऊन थांबायला हवा. लगेच अडत असेल तर स्टिकर उचलून आसात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. त्यानंतर सोनेरी काठ: आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने एकाच दिशेने पुसावा. खोडरबराने घासायची सवय अनेकांना असते, पण त्याने सोन्याचा पातळ थर झिजतो. शेवटी जांभळ्या डब्याचे टोक. त्यातल्या बारीक पिना वाकलेल्या असण्याची शक्यता बरीच असते. भिंगातून पाहावे आणि वाकलेली पिन ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलीच्या रिकाम्या नळीने सावकाश सरळ करावी. टोक सॉकेटमध्ये घालताना खूण जुळवून सरळ ढकलायचे, फिरवायचे नाही.

साउंड कार्ड पीसीआयचे असेल तर ते एजीपीला लागून असलेल्या पहिल्या पीसीआय स्लॉटमध्ये घालू नये. बऱ्याच बोर्डांवर त्या स्लॉटची आणि एजीपीची इंटरप्ट लाइन (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तार) एकच असते, आणि चित्र घेताना आवाजात टकटक येते. एक-दोन स्लॉट सोडून घातले की प्रश्न मिटतो.

ड्रायव्हर: क्रम चुकला की सगळे चुकले

स्वच्छ एक्सपी, ३२ बिटचे, सर्व्हिस पॅक २ किंवा ३ सह. व्हिस्टा किंवा त्यापुढच्या विंडोजवर या पिढीच्या कार्डाचा कॅप्चर भाग चालवायचा हट्ट धरू नये. एक्सपीचे सुरक्षा अद्यतन ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहे, तेव्हा हा संगणक इंटरनेटला न जोडता फक्त या कामापुरता ठेवावा.

क्रम असा: आधी मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हर, कारण एजीपी स्लॉटची ओळख तोच करून देतो. मग डायरेक्टएक्स ९.०सी. मग एटीआयचा डिस्प्ले ड्रायव्हर. संगणक पुन्हा सुरू करून मग डब्ल्यूडीएम कॅप्चर ड्रायव्हर (कार्डाचा चित्र आत घेणारा भाग चालवणारा), शक्यतो त्याच संचातला. पुन्हा एकदा सुरू करायचे. रेडिऑन ७५०० साठी कॅटॅलिस्ट (एटीआयचा ड्रायव्हर-संच) ६.११ ही शेवटची आवृत्ती. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ९२५० आणि त्याखालच्या रेडिऑन कार्डांचा आधार सोडला. मूळ सीडी असेल तर तिची नक्कल आधीच काढून ठेवावी. नव्या आवृत्तीने त्रास दिला तर सीडीवरची जुनी आवृत्ती पुष्कळदा सुरळीत चालते.

सगळे नीट बसले की डिव्हाइस मॅनेजरमध्ये एटीआय डब्ल्यूडीएम या नावाने सुरू होणाऱ्या नोंदी दिसतात: रेज थिएटर व्हिडिओ, क्रॉसबार, टीव्ही ट्यूनर, टीव्ही ऑडिओ वगैरे. क्रॉसबार म्हणजे कुठल्या तोंडातून चित्र घ्यायचे हे ठरवणारा बदलक. चित्र काळे येत असेल तर दहापैकी आठ वेळा तो ट्यूनरवर राहिलेला असतो. त्याला एस-व्हिडिओवर न्यायचे. चित्र येते पण कृष्णधवल आहे किंवा वरखाली सरकते, तर डीकोडरच्या गुणधर्मांत एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) निवडलेले असणार. तिथे पाल-बी करायचे. खरे तर कार्ड घेण्याआधीच विक्रेत्याकडून या यादीचा फोटो मागवावा. ट्यूनर एका प्रदेशापुरता बांधलेला असतो, पण एस-व्हिडिओमधून येणारे आपले मानक डीकोडरच्या यादीत दिसत असेल तर आपले काम होते.

कॅप्चरच्या सॉफ्टवेअरला उपकरणच दिसत नाही ही तक्रारही नेहमीची. तेव्हा घड्याळाशेजारी एटीआयच्या मल्टिमीडिया सेंटरचा टीव्ही उघडा आहे का ते पाहावे. डीकोडर एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असतो.

आकड्यांचा हिशेब

चित्र घ्यायचे ते ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, वाययूवाय२ (YUY2) रंगपद्धतीत. एका बिंदूला २ बाइट धरले तर सेकंदाला २०.७ एमबी, म्हणजे तासाला सुमारे ७५ जीबी. हफवाययूव्ही कोडेक (चित्र आवळणारा प्रोग्राम) काहीही न गमावता याचे साधारण निम्मे करतो. व्हीएचएसच्या दाणेदार चित्रासाठी तासाला ३५ जीबी धरावेत. आवाज ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ: तासाला जेमतेम ०.७ जीबी.

११४ तासांचे होतात ४ टीबी. जुन्या संगणकावर तेवढे ठेवायचे नाहीत. कॅप्चरसाठी २५० जीबीची वेगळी डिस्क, एका खेपेला दोन कॅसेट, म्हणजे साधारण २१० जीबी, आणि मग फायली दुसऱ्या संगणकावर. १०० मेगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला सुमारे ११ एमबी जातात, त्यामुळे एका तासाचे चित्रण हलवायला ५३ मिनिटे लागतात, दोन कॅसेटना पाच तासांहून जास्त. रात्री लावून ठेवावे. फायली कधीही कॅप्चर चालू असताना हलवू नयेत. डिस्क एनटीएफएसमध्येच फॉरमॅट करावी. एफएटी३२ वर ४ जीबीला फाइल संपते आणि तेवढे चित्रण सात मिनिटांतच भरते.

काही जण जागा वाचवायला ३५२ बाय २८८ घेतात. व्हीएचएसची आडवी बारकाई अशीतशीच असते, मग काय बिघडले, असा त्यांचा हिशेब. आडवे बिंदू कमी केल्याने फार बिघडत नाही हे खरे, पण उभ्या ओळी २८८ केल्या की दोनपैकी एक फील्ड (फ्रेममधल्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) कायमचे जाते आणि हालचाल अडखळते. दोन्ही फील्ड जशीच्या तशी घ्यावीत, विणलेल्या रेषा कॅप्चर करताना मोडू नयेत. ते काम नंतर, चांगल्या साधनाने.

पहिली चाचणी आणि तीन बिघाड

व्हर्च्युअलडब हा चित्र घेण्याचा प्रोग्राम उघडून एका कॅसेटचा तासभर घ्यायचा. तासाला बरोबर ९०,००० फ्रेम व्हायला हव्यात. चित्रण जिथे थांबवून पुन्हा सुरू केले आहे तिथे दोन-चार गळाल्या तर चालते. सतत, ठरावीक अंतराने गळत असतील तर कुठेतरी बिघाड आहे.

पहिला बिघाड डिस्कचा. सुरुवातीची काही मिनिटे ठीक, मग दर काही सेकंदांनी फ्रेम गळते आणि प्रोसेसर ९० टक्क्यांवर. ही खूण आयडीई डिस्क डीएमएवरून (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीशी देवाणघेवाण) पीआयओवर घसरल्याची. वायरीतून वारंवार चुका आल्या की एक्सपी त्या चॅनलचा वेग आपोआप एकेक पायरी उतरवते आणि पुन्हा वर नेत नाही. पीआयओ ४ ची कमाल सेकंदाला १६.६ एमबी आहे आणि आपल्याला हवेत जेमतेम १०, म्हणून कागदावर हे पुरायला हवे. पुरत नाही, कारण पीआयओमध्ये प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहावा लागतो आणि हफवाययूव्हीला वेळ उरत नाही. उपाय: ८० तारांची नवी पट्टी-केबल घालायची, डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू करायचा, मग अल्ट्रा डीएमए दिसते का ते पाहायचे. या बोर्डाच्या साउथब्रिजवर साटाची (आयडीईनंतरच्या डिस्क-जोडणीची) दोन तोंडे आहेत. कॅप्चरची डिस्क तिथे लावली तर आणखी चांगले.

दुसरा बिघाड आवाजाचा. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, तीन तासांच्या शेवटी शब्द दोन सेकंद सरकलेला. साउंड कार्डाचे घड्याळ आणि चित्राचे घड्याळ वेगळे असते. कार्ड ४८,००० ऐवजी प्रत्यक्षात ४८,०१० नमुने घेत असेल, तर फरक आहे फक्त ०.०२ टक्क्यांचा, पण तीन तासांत तो सव्वादोन सेकंदांवर जातो. व्हर्च्युअलडबच्या टायमिंगच्या खिडकीत आवाजाला चित्राप्रमाणे ताणायचा पर्याय आहे, तो निवडायचा. मात्र आधी फरक ओळखावा. हळूहळू वाढणारे अंतर घड्याळाचे असते. एकदम उडी मारणारे अंतर गळालेल्या फ्रेमचे, आणि त्याला हा पर्याय लागू पडत नाही.

आवाजाची वायर जांभळ्या डब्यातून फिरवण्याची गरज नाही. व्हीसीआरच्या लाल-पांढऱ्या तोंडांपासून ३.५ मिलिमीटरच्या पिनची वायर थेट साउंड कार्डाच्या लाइन-इनला. माइकच्या तोंडात घातली तर आवाज एका बाजूचा आणि फाटका येतो. रेकॉर्डिंगच्या पट्टीत लाइन-इन निवडून सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या खाली राहील असे ठेवावे.

तिसरा बिघाड उजेडाचा, आणि हा सर्वांत फसवा, कारण घेताना तो दिसत नाही. पांढरे सदरे, आकाश, दिव्यांभोवतीचा भाग सपाट पांढरा येतो. अंकांत चित्राची काळी मर्यादा १६ आणि पांढरी २३५ धरतात; बाहेर गेलेला तपशील नंतर कितीही ओढला तरी परत येत नाही. व्हर्च्युअलडबच्या कॅप्चरमध्ये हिस्टोग्राम आहे. तो लावून कॅसेटचे सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधारे दृश्य चालवायचे. आलेखाची टोके लाल पट्ट्यांत शिरत असतील तर लेव्हल्समधून कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस थोडा-थोडा उतरवायचा. चित्राच्या कडेचा काळा पट्टा आणि तळाची हेड-स्विचिंगची फाटकी रेघ आलेख बिघडवते, म्हणून तेवढ्यापुरते कॅप्चर खिडकीत क्रॉपिंग लावावे आणि प्रत्यक्ष घेताना ते काढून टाकावे. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करायचे. एकाच कॅमेऱ्याच्या दोन कॅसेटसुद्धा सारख्या निघत नाहीत.

कार्ड जे दुरुस्त करू शकत नाही

इतके सगळे करूनही काही कॅसेट त्रास देणारच. व्हीएचएसवरची प्रत्येक ओळ ठरल्या क्षणी सुरू होत नाही, थोडी आगेमागे होते. जुना टीव्ही हे निभावून नेतो. रेज थिएटर त्यातले थोडे निभावते, सगळे नाही. परिणाम म्हणून दाराची सरळ चौकट नागमोडी दिसते, किंवा कॅसेटची फीत ताणलेली असेल तिथे डीकोडरचा ताबा सुटून फ्रेम गळतात.

याचे औषध टाइम बेस करेक्टर (टीबीसी), म्हणजे ओळींची वेळ सरळ करणारे साधन, आणि तो कार्डाच्या आधी लागतो, नंतर नाही. काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये ओळी सरळ करणारा टीबीसी असतो. पुढच्या पट्टीवर किंवा मेनूत त्याचे बटण शोधावे आणि चालू करावे. तो नसेल तर पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० सारखा डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये नुसता जोडायचा, त्यावर रेकॉर्ड काही करायचे नाही. त्यातून जाताना सिग्नल बराच स्थिर होतो. चित्र किंचित मऊ पडते, म्हणून फक्त अडेल कॅसेटसाठीच तो वापरावा.

याच अस्थिरतेतून आणखी एक घोळ होतो. घरगुती कॅसेट असूनही चित्र एकदम काळवंडते किंवा रेकॉर्डिंग थांबते, आणि ‘संरक्षित मजकूर’ असा इशारा येतो. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटवरचे नक्कल-संरक्षण ओळखण्यासाठी कार्ड चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळी तपासते. झिजलेल्या फितीवर त्या ओळींत उड्या असतात आणि कार्ड फसते. ड्रायव्हर पुन्हा टाकून हे सुटत नाही. आधी व्हीसीआरचे हेड साफ करून ट्रॅकिंग हाताने जुळवावे, मग टीबीसी लावावा. सिग्नल सरळ झाला की इशारा येत नाही.

३८ पैकी ज्या कॅसेटच्या फितीवर पांढुरकी बुरशी दिसते त्या मात्र बाजूला काढून ठेवाव्यात. एक बुरशीची कॅसेट हेडवर घाण सोडते आणि तिच्यानंतरच्या चांगल्या कॅसेटचे चित्रही खराब येते. त्या सर्वांत शेवटी, फीत साफ करून घेतल्यावर, आणि प्रत्येकीनंतर हेड पुसून.